धसका घेतलेल्या माणसाजवळ बसताना: श्रद्धेचा आधार आणि उपचार यांची सांगड

मानसिक आघातासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे: धसका. ‘पोरीने धसका घेतला’ असे म्हणताना आपण तिला वेडी ठरवत नाही आणि कमकुवतही म्हणत नाही. बाहेरून काहीतरी येऊन तिच्या आत रुतले आहे, एवढेच सांगतो. नागपुरात असा धसका घेतलेले माणूस बहुधा आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जात नाही. ते टेकडीच्या गणपतीला जाते, ताजबागेत ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर चादर चढवते, वस्तीतल्या विहारात वंदना संपल्यावरही रेंगाळते, सदरमधल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून राहते, किंवा गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला एकाएकी रोज येऊ लागते. त्यामुळे त्याचे म्हणणे सर्वांत आधी कानी पडते ते पुजाऱ्यांच्या, भंतेजींच्या, मौलानांच्या, फादरच्या, किंवा शेजारी बसलेल्या एखाद्या ताई-दादांच्या. हा लेख त्या पहिल्या ऐकणाऱ्यांसाठी आणि धसका घेतलेल्यांच्या घरच्यांसाठी लिहिला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, श्रद्धेचा आधार आणि वैद्यकीय उपचार यांत भांडण नाही, मात्र क्रम सांभाळावा लागतो. आधी सुरक्षितता, मग ऐकणे, मग उपचाराशी जोडून देणे आणि ‘हे माझ्याच वाट्याला का आले’ या प्रश्नाचा विचार सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुतेक वेळा सुरुवातच या शेवटच्या प्रश्नापासून होते, आणि तिथेच माणूस दुखावून परत जातो.

पुढच्या विवेचनासाठी एक काल्पनिक घर डोळ्यांसमोर ठेवू. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरले. अशाच एका घरातली बाई त्या रात्री लेकराला खांद्यावर घेऊन अंधारात पाण्यातून बाहेर पडली. घर पुन्हा उभे राहिले, भिंतींना रंग लागला. पण पत्र्यावर पाऊस वाजू लागला की ती आजही उठून बसते, दाराची कडी तपासते आणि मुलांना जागे करते. सासूबाई म्हणतात, बाहेरची बाधा आहे. नवरा म्हणतो, विसरून जा. ती विहारात येऊन कोपऱ्यात बसते आणि काहीच बोलत नाही.

पहिली पायरी: काय दिसते आहे ते ओळखणे

भयंकर प्रसंगानंतर झोप उडणे, दचकणे, रडू येणे, भूक मरणे हे साहजिक असते आणि बहुतेकांचे मन काही आठवड्यांत आपोआप सावरते. म्हणून आठ दिवसांत कोणालाही ‘रोगी’ ठरवू नये. मात्र महिना उलटूनही चार प्रकारची लक्षणे एकत्र दिसत राहिली आणि रोजचे जगणे अडू लागले, तर तज्ज्ञ आघातोत्तर ताण विकाराचा, म्हणजे ‘पीटीएसडी’चा, विचार करतात. एक, प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येणे, मग ते स्वप्नात असो की जागेपणी तो आत्ताच घडत असल्यासारखे वाटून असो. दोन, त्या जागा, त्या व्यक्ती, त्या गोष्टींचे बोलणे टाळणे. तीन, ‘माझीच चूक’, ‘आता कशात राम नाही’ अशी मनाची धारणा बनणे आणि जवळच्या माणसांबद्दलही काही न वाटणे. चार, शरीर सतत सावध राहणे: दचकणे, चिडणे, झोप न लागणे. या विकाराला वैद्यकीय वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० मध्ये. त्याआधी अशा माणसांना भित्रे किंवा ढोंगी म्हटले जाई, आणि आपल्या घरांतून अजूनही ते म्हटले जाते.

सुरुवातीच्या दिवसांत सांत्वनाला येणारे लोक ‘मन मोकळे कर, सगळे सांगून टाक’ असा आग्रह धरतात. त्यामागची भावना चांगली असते, पण एकाच बैठकीत सारा प्रसंग वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनेही नाकारली आहे. तिच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शनाचे सार तीन शब्दांत मावते: पाहा, ऐका, जोडा. कोणाला तातडीची गरज आहे ते पाहावे, बोलेल तेवढेच ऐकावे आणि पाणी, निवारा, नातेवाईक, दवाखाना यांच्याशी त्याची गाठ घालून द्यावी.

दुसरी पायरी: आधी सुरक्षितता

मारहाण करणारा माणूस घरातच असेल, तर प्रार्थनेने मन शांत करून त्या व्यक्तीला त्याच घरात परत पाठवणे हे समुपदेशन नव्हे. म्हणून पहिला प्रश्न हाच असावा: ‘आज रात्री तुम्ही जिथे झोपणार, तिथे तुम्हाला भीती आहे का?’ महिलांसाठी १८१, लहान मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक विहाराच्या, मंदिराच्या, दर्ग्याच्या, चर्चच्या सूचनाफलकावर कायम लिहिलेले असावेत.

बसण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. बंद खोली नको आणि भर गर्दीही नको. बोलणे दुसऱ्याच्या कानी जाणार नाही, पण दोघे लोकांच्या नजरेआड होणार नाहीत, असा ओसरीचा कोपरा उत्तम. दाराच्या बाजूची जागा येणाऱ्याला द्यावी, म्हणजे उठून जाण्याची मोकळीक त्याच्याच हाती राहते. स्त्रीला स्त्रीशीच बोलायचे असेल तर तशी सोय करावी. न विचारता डोक्यावर, खांद्यावर हात ठेवू नये. आशीर्वादाचा हातसुद्धा काहींना त्या प्रसंगातला हात आठवून देतो.

गुप्ततेचे वचन देताना त्याची मर्यादा आधीच सांगावी. ‘तुमचे बोलणे माझ्यापाशीच राहील, मात्र जीव धोक्यात असेल किंवा एखाद्या बालकाचा प्रश्न असेल, तर मला मदत मागावी लागेल,’ एवढे वाक्य पुरते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. ‘समाजाची बदनामी होईल’ म्हणून असे प्रकरण आपसात मिटवणारी वडीलधारी मंडळी त्या लेकराला दुसऱ्यांदा एकटे पाडतात.

जगणे नको झाल्याची भाषा ऐकू आली, तर ‘असे बोलू नये, पाप लागते’ म्हणून तोंड बंद करू नये. सरळ विचारावे: ‘जीव देण्याचे विचार मनात येतात का? काही ठरवले आहे का?’ असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, घरातली औषधे आणि फवारणीची विषारी द्रावणे हाताशी राहणार नाहीत असे पाहावे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गृहीत धरतो; त्यामुळे पोलिसांच्या धाकाने उपचार लांबवण्याचे कारण नाही.

तिसरी पायरी: ऐकणे, आणि उपदेश राखून ठेवणे

हीच पायरी सर्वांत अवघड आहे, कारण धर्माची माणसे बोलण्याची सवय असलेली माणसे असतात. कीर्तन, प्रवचन, खुतबा, देसना, उपदेश ही आपली साधने आहेत आणि समोर दुःख दिसले की ती आपोआप हाती येतात. पण आपापल्या परंपरेकडेच नीट पाहावे. किसा गोतमी मेलेले बाळ कडेवर घेऊन तथागतांकडे आली, तेव्हा त्यांनी तिला अनित्यतेचे प्रवचन दिले नाही. ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मूठभर मोहरी आणायला सांगितली, आणि ती दारोदार फिरली तेव्हा प्रत्येक दारात तिला तिच्यासारखेच कोणीतरी भेटले. पुत्र इब्राहिम गेला तेव्हा पैगंबरांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि अश्रू हे सब्रच्या, म्हणजे धीराच्या, विरुद्ध नाहीत हे त्यांच्या अनुयायांनी तिथेच पाहिले. लाजरसाच्या थडग्यापाशी येशू आधी रडला. आणि आपल्या वारकरी संतांनी, विशेषतः जनाबाईने, विठोबाला प्रेमाने आळवले तसे रागाने शिव्याही दिल्या. तो राग कोणी नास्तिकपणा मानला नाही. मग दुखावलेली आई ‘देव मेला माझ्यासाठी’ म्हणाली, तर आपण का दचकावे?

धर्म आणि मानसशास्त्र यांचा अभ्यास करणारे केनेथ पार्गामेंट यांनी संकटकाळी श्रद्धा दोन प्रकारे वागते असे दाखवले आहे. देव सोबत आहे, समाज पाठीशी आहे, या दुःखातूनही मार्ग आहे, असे वाटणारी श्रद्धा माणसाला तारते. देवाने शिक्षा केली, देवाने टाकले, हे सैतानाचे किंवा करणीचे काम आहे, असे वाटणारी श्रद्धा आघातावर आणखी भार घालते. ऐकणाऱ्याचे अर्धे काम हे की, समोरचा माणूस या दोहोंपैकी कुठे उभा आहे ते त्याच्या शब्दांतून ओळखणे. त्यासाठी सौम्य प्रश्न पुरतात: ‘या दिवसांत प्रार्थना जमते का? पूर्वीसारखी वाटते का? देवाविषयी काय येते मनात?’ आलेले उत्तर दुरुस्त करू नये. ‘तुम्हाला टाकून दिल्यासारखे वाटले,’ असे त्याचेच म्हणणे हळू आवाजात परत द्यावे आणि थांबावे. मधली शांतता भरून काढण्याची घाई करू नये.

काही वाक्ये मात्र कटाक्षाने टाळावीत. ‘देवाची इच्छा’ हे वाक्य जखमी माणसाने स्वतः उच्चारले तर तो त्याचा आधार असतो; दुसऱ्याने उच्चारले तर तो दरवाजा बंद होण्याचा आवाज असतो. ‘मागच्या जन्मीचे कर्म’ हे तर कुठेच नको. ज्यांच्या आजी-आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला, त्या घरांत पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्यांच्या अपमानाची आठवण घेऊन येतो. ‘माफ करून टाक, मन हलके होईल’ हेही घाईचे वाक्य आहे. क्षमा हा जखमी माणसाचा हक्क आहे. तो त्याच्याकडून वसूल करता येत नाही, आणि क्षमा केली तरी तक्रार नोंदवण्याचा अधिकार संपत नाही.

आपल्या उदाहरणातल्या बाईला चौथ्या-पाचव्या भेटीत एवढेच म्हणता यावे: ‘पाऊस वाजला की मला पुन्हा ते पाणी दिसते.’ तेव्हा ‘आता तर पाणी येत नाही ना’ असे समजावण्यापेक्षा ‘त्या रात्री तुम्ही लेकराला बाहेर काढले’ एवढे म्हणणे अधिक खरे आहे. तिच्या आठवणीत फक्त पाणी उरलेले असते. तिने दाखवलेले धैर्य तिच्याच नजरेतून सुटलेले असते.

चौथी पायरी: शरीराला धीर देणारी साधना

धसका बुद्धीपेक्षा अंगात अधिक राहतो, म्हणून समजावून तो जात नाही. प्रसंग अंगावर आला की आधी पाय जमिनीवर टेकवायला सांगावे, डोळे उघडे ठेवायला सांगावे, आणि आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यायला लावावी: समई, घंटा, चटई, खिडकी, तुमचा चष्मा. मग आत घेतलेल्या श्वासापेक्षा बाहेर सोडलेला श्वास लांब ठेवावा. इथे आपल्या परंपरांची मोठी मदत होते, कारण टाळांच्या ठेक्यावरचे नामस्मरण, तस्बीहचे मणी, संथ लयीतली बुद्धवंदना आणि गुडघ्यांवर बसून म्हटलेली प्रार्थना या सर्वांत श्वास आपसूक लांबतो आणि हाताला काम मिळते. प्रदक्षिणाही उपयोगी आहे. चालणारे शरीर गोठून गेलेल्या शरीराला सोडवते.

येथे एक गंभीर सावधगिरी आवश्यक आहे. ताज्या आघातातल्या माणसाला ‘शिबिराला जा, मन शांत होईल’ म्हणून दहा दिवसांच्या मौन ध्यानशिबिराला पाठवू नये. डोळे मिटून, बोलणे बंद ठेवून दिवसाचे अनेक तास आत पाहत राहिले की दबलेला प्रसंग पूर्ण ताकदीने वर येऊ शकतो. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराविषयी विचारलेले असते. त्याचे उत्तर खरे द्यावे आणि उपचार करणाऱ्यांशी बोलूनच निर्णय घ्यावा. ज्याचा श्वास प्रसंगातच कोंडला होता, पाण्यात, धुरात किंवा गर्दीत, त्याला श्वासावर लक्ष ठेवायला सांगणेही जड जाते. त्याच्यासाठी पाच मिनिटांची, उघड्या डोळ्यांची मैत्रीभावना, म्हणजे सर्वांचे भले चिंतणे, पुरेशी आहे. कडक उपवास आणि रात्रीची जागरणेही या काळात टाळावीत, कारण झोप हेच त्याचे पहिले औषध असते.

पाचवी पायरी: उपचाराशी जोडून देणे

ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये नागपूरच्या तत्कालीन पागलखान्यात ठेवण्यात आले आणि भक्त त्यांच्या दर्शनासाठी तिथेच जाऊ लागले, ही गोष्ट या शहराला ठाऊक आहे. श्रद्धा आणि मनोरुग्णालय यांच्यातली भिंत आपल्याकडे कधीच फार उंच नव्हती. गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ या नावाने मानसोपचारतज्ज्ञ आणि मुजावर, म्हणजे दर्ग्याचे सेवेकरी, एकत्र काम करू लागले. मुजावर दुआ देतात आणि त्याच आवारातल्या डॉक्टरांकडेही पाठवतात. हे आपल्याकडेही व्हावे, असे मला मनापासून वाटते.

कोण काय करतो, हे आधी समजून घ्यावे. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो आणि औषधे तोच लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि मानसोपचार करतो, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ती विचारण्यात संकोच नको. समुपदेशक हा शब्द मात्र कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारावा. आघातासाठी ज्यांचा उपयोग चांगला सिद्ध झाला आहे त्यांत आघात-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणूक यांवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती) आणि ‘ईएमडीआर’ (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवण हाताळणारी) या पद्धती येतात. दोन्हींत प्रसंगाकडे टप्प्याटप्प्याने, सुरक्षित हातांत, परत जाता येते. गरजेप्रमाणे डॉक्टर सर्ट्रालिनसारखी औषधे देतात. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, हे घरच्यांना आधीच सांगावे, नाहीतर आठ दिवसांत गोळ्या बंद होतात. दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणणे धोक्याचे आहे, त्यांची सवय लागते.

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधले एम्स यांच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागांत दाखवता येते, शिवाय प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘मनोरुग्णालय’ म्हटल्यावर घरचे बिचकत असतील, तर मेडिकलच्या ओपीडीपासून सुरुवात करावी. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तो मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येते. पहिला फोन आपल्या शेजारी बसवून लावून द्यावा. नुसता पत्ता हाती देऊन भागत नाही. शक्य असेल तर पहिल्या भेटीला सोबत जावे, रांगेत उभे राहावे, आणि डॉक्टरांशी स्वतः काही बोलायचे असल्यास आधी त्या व्यक्तीची परवानगी घ्यावी. नवरात्र, रमजान, उपोसथ किंवा लेंट यांत उपवास असेल, तर गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यावी, गोळी सोडू नये. आणि विहारातले, मंदिरातले येणे चालूच ठेवावे. दवाखान्यात पाठवले म्हणजे आपण त्याला दूर केले, असे त्याला कधीही वाटता कामा नये.

कोणापासून दूर राहावे

जो भीती घालतो, पैसे किंवा दागिने मागतो, गोळ्या बंद करायला सांगतो, घरच्यांपासून तोडतो, रात्री एकटीला बोलावतो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये, मग तो कोणत्याही धर्माचा असो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद आहे. मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. तमिळनाडूतल्या एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळू न शकल्यामुळे गेले. साखळीला ‘श्रद्धा’ म्हणणाऱ्याला एवढी एक घटना सांगावी.

सहावी पायरी: अर्थ, आठवण आणि समाजात परतणे

झोप परत आली, प्रसंगाविषयी बोलताना अंग थरथरणे कमी झाले, की मगच ‘हे का घडले’ या प्रश्नाला हात घालावा, आणि तोही त्या माणसानेच काढला तर. त्याचे उत्तर आपण देऊ नये; कोणी ते सेवेत शोधेल, कोणी लढ्यात, कोणी ते न शोधताच जगेल. विधींचा उपयोग इथे होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक काढत, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणत आख्खे नागपूर रस्त्यावर येते, तेव्हा दुःखाला नाव देऊन ते सर्वांच्या देखत गावाबाहेर नेता येते ही जुनी जाण त्यात असते. एकट्या माणसासाठीही तसे करता येते: मनातला भार कागदावर लिहून, विश्वासातल्या दोन माणसांच्या साक्षीने तो विसर्जित करावा. मारबतीची किंवा विजयादशमीची गर्दी मात्र त्याच्यावर लादू नये. गर्दीत घडलेल्या प्रसंगातून तो आला असेल तर अजिबात नाही.

वर्षदिनाची तयारी तर नक्की करावी, कारण त्या सुमारास शरीर तारीख स्वतःच लक्षात ठेवते आणि बरा झालेला माणूसही पुन्हा ढासळल्यासारखा वाटतो. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ च्या मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गेलेल्या गोवारी समाजाच्या ११४ बांधवांच्या स्मारकापाशी दरवर्षी त्याच दिवशी लोक जमतात; ती एकत्र येण्याची शिस्त घरातल्या दुःखालाही लागू पडते. पुराचा धसका घेतलेल्या त्या बाईच्या घरी सप्टेंबर लागला की आधीच ठरवून घ्यावे: त्या रात्री कोण सोबतीला झोपणार, कागदपत्रांची पिशवी कुठे टांगलेली असणार, पाऊस वाढला तर कोणाच्या माडीवर जायचे, आणि पाऊस आलाच नाही तर पहाटे दिवा लावून कोणती वंदना म्हणायची. तिला विचारूनच हे ठरवावे, आणि तिच्याच अक्षरात लिहून भिंतीवर लावावे.